मतपत्रिकेवरचं एकच नाव

नोव्हेंबर 2014. अमेरिकेतलं अलाबामा राज्य. सिनेटच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर नाव एकच, रिपब्लिकन पक्षाचे जेफ सेशन्स. डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारच दिला नव्हता. सेशन्सना 97 टक्के मतं पडली.

मग त्या राज्यात डेमोक्रॅट मतदार नव्हतेच का? होते. दोनच वर्षांपूर्वी बराक ओबामांना तिथे 38 टक्के मतं मिळाली होती. जवळपास आठ लाख माणसं. त्या सगळ्यांना 2014 मध्ये आपल्या पक्षाचं नावच दिसलं नाही.

ताकद नसलेल्या ठिकाणी पक्षाने लढावं का, हा प्रश्न आपण नेहमी पक्षाच्या बाजूने विचारतो. पैसा किती जाईल, अनामत वाचेल का, मतविभागणीचा फायदा कोणाला होईल. या शंका पोकळ नाहीत. ब्रिटनची 2024 ची निवडणूक पाहा. रिफॉर्म यूके पक्षाला देशभर विखुरलेली 14 टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाल्या 5. लिबरल डेमोक्रॅट्सना मतं 12 टक्के, जागा 72, कारण त्यांनी सगळा जोर निवडक मतदारसंघांत लावला होता. जिथे सर्वाधिक मतं घेणाराच निवडून येतो, तिथे ताकद विखुरणं महागात पडतं.

पण हा हिशेब एका निवडणुकीपुरता आहे. 2005 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची सूत्रं हाती आल्यावर हॉवर्ड डीन यांनी पन्नासही राज्यांत पगारी कार्यकर्ते नेमायला घेतले. पक्षातूनच ओरड झाली: हरणाऱ्या राज्यांत पैसे का ओतता? मला डीन यांचं म्हणणं पटतं. पक्ष ज्या गावात वर्षानुवर्षं फिरकत नाही, तिथला कार्यकर्ता घरी बसतो किंवा दुसरीकडे जातो. संधी आलीच तर उभं करायला माणूस उरत नाही.

आणि संधी सांगून येत नाही. त्रिपुरात 2013 मध्ये भाजपने 50 उमेदवार उभे केले, त्यातल्या 49 जणांची अनामत जप्त झाली. 2018 मध्ये त्याच राज्यात डाव्यांची सलग 25 वर्षांची सत्ता गेली आणि भाजपचा मुख्यमंत्री झाला. दुसऱ्या पक्षांतून आलेले आमदार, स्थानिक पक्षाशी युती, हे सगळं त्यामागे होतंच. नुसत्या चिकाटीने हे घडलं, असं म्हणणं खोटं ठरेल.

आता पुन्हा अलाबामा. सेशन्स मंत्री झाले, जागा रिकामी झाली. डिसेंबर 2017 च्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅट्सनी डग जोन्स यांना उभं केलं. 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुलींचा जीव गेला होता. जवळपास चाळीस वर्षांनी त्यातल्या दोन आरोपींना शिक्षा मिळवून देणारे सरकारी वकील ते हेच. प्रतिस्पर्धी रॉय मूर यांच्यावर गंभीर आरोप झाले. जोन्स सुमारे 22 हजार मतांनी जिंकले. पक्षाला या राज्यात सिनेटची जागा 25 वर्षांनी मिळाली.

2020 मध्ये ती गेली, तीही वीस टक्क्यांच्या फरकाने. मात्र जिंकताना जोन्स यांना सुमारे 6 लाख 74 हजार मतं पडली होती. हरताना पडली 9 लाख 20 हजार.