मण्यार चावली की आत नेमकं काय होतं

[येऊर, पहाट. पाऊस नुकताच थांबलाय.]

खाली उपवनला मॉर्निंग वॉकवाल्यांची गर्दी आणि वर हे येऊर, ठाण्यातच आहे बरं का. सर्पमित्राच्या बरणीत बघा, काळीभोर, अंगावर बारीक पांढरे पट्टे, जोडीजोडीने. मण्यार. काल रात्री एका पाड्यावरच्या घरात सापडली, आता जंगलात सोडतायत. दिवसा ही सुस्त असते, चावते ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही, ना सूज ना फार दुखणं.

मग माणूस जातो कशाने? त्यासाठी लॅबमध्ये यावं लागेल.

[कॉलेजची बायोलॉजी लॅब, मायक्रोस्कोप]

ह्या आडव्या रेघारेघांच्या पट्ट्या म्हणजे स्नायू. त्यावर आलेला काळा धागा म्हणजे नस, रक्ताची नाही, मेंदूचा हुकूम आणणारी, आणि तिच्या टोकांना हे ठिपके दिसतायत ना, आजचा विषय तेवढाच. दिसायला चिकटलेलं दिसतं पण नस स्नायूला टेकतच नाही, लोकल आणि प्लॅटफॉर्ममध्ये असते तशी मध्ये फट असते. साधारण 50 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे वीस हजार तुकडे केले तर त्यातला एक. ह्या जोडाला सिनॅप्स म्हणतात.

आता नसेतून विजेचा सिग्नल येतो, पण फट ओलांडतं कोण? यावर शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं भांडले. काही म्हणायचे वीजच उडी मारते, काही म्हणायचे नाही, केमिकल आहे.

[डबक्यातले बेडूक]

1921 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावात ऑटो लोवीने याचा निकाल लावला. तो सांगायचा की प्रयोग त्याला स्वप्नात दिसला, रात्री उठून कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री पहाटे तीनच्या सुमाराला परत तेच, यावेळी गडी थेट लॅबमध्ये. बेडकांची दोन हृदयं घेतली, एकाची व्हेगस नस, म्हणजे हृदयाला जाणारी नस, चेतवली, ठोके मंदावले, मग त्याच्यातलं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, ज्याला नसच ठेवली नव्हती, तर तेही मंदावलं. म्हणजे नसेतून काहीतरी झिरपतंय. ते निघालं ॲसिटिलकोलीन. 1936 चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल दोघांना मिळालं. (हे बेडूक येऊरचे, त्यांना कोणी काही केलेलं नाही.)

[फळ्यावर खडूने काढलेलं चित्र]

सिग्नल टोकाला पोचला की कॅल्शियम आत घुसतं, टोकात ॲसिटिलकोलीनने भरलेल्या पिशव्या असतात, त्या कडेला येऊन फटीत रिकाम्या होतात, पलीकडे स्नायूवर रिसेप्टर असतात त्यांना ते जाऊन बसतं, सोडियम आत जातं आणि स्नायू आखडतो. लगेच एक एन्झाइम ते ॲसिटिलकोलीन तोडून फट साफ करतं, नाहीतर पुढचा सिग्नल कळणार कसा. तुम्ही आत्ता पापणी मिटलीत, त्यात हे सगळं उरकलं.

मण्यारीचं विष अलीकडच्या टोकावर जातं. पिशव्या संपतात, टोकच खराब होतं, मेंदू हुकूम सोडतोय पण फटीत काही पडतच नाही. नागाचं पलीकडे, रिसेप्टर अडवून बसतं, म्हणून तिथे ॲसिटिलकोलीन टिकवणारं निओस्टिग्मीन हे औषध बऱ्याचदा कामाला येतं, मण्यारीला त्याचा फारसा उपयोग होत नाही. आधी पापण्या उतरतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. अँटीव्हेनम मोकळं फिरणारं विष पकडतं पण खराब झालेलं टोक दुरुस्त करत नाही, ते नव्याने वाढेपर्यंत कित्येक दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो. म्हणूनच भगताकडे घालवलेला वेळ महागात जातो, 108 लावा आणि हॉस्पिटल गाठा. 2000 ते 2019 मध्ये भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं गेली असा अंदाज आहे.

[मण्यार झुडपात शिरते]

आणि हो, खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. हे सर्पमित्राने कॅमेरा बंद झाल्यावर सांगितलं, म्हणून दाखवता येत नाही, नुसतं ऐका.