नागपूरच्या समुद्रावरचा दिवा

नमस्कार श्रोतेहो.

नागपूरचा माणूस समुद्राबद्दल बोलायला लागला की मुंबई-कोकणातले लोक गालात हसतात. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. फुटाळा तलावाच्या काठावर लिंबू-मीठ चोळलेला भुट्टा खाणं, हीच आमची चौपाटी. तरीही आज मी ओरिसाच्या किनाऱ्यावरच्या, फॉल्स पॉइंटच्या एका जुन्या दीपस्तंभाबद्दल बोलणार आहे, आणि त्याच्यावर नागपूरचाही थोडा हक्क लागतो असं माझं म्हणणं आहे.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते पुरीला. जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर एक अखंड दगडाचा खांब उभा आहे, सुमारे दहा मीटर उंच, वर सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसलेला. मी चप्पल काढून, मान वर करून बघत होतो. पंड्यानं गाव विचारलं. नागपूर म्हणताच तो म्हणाला, मग हा खांब तुमच्याच लोकांनी आणलाय की! मला वाटलं, दक्षिणा वाढवायची युक्ती असेल. पण गोष्ट खरी होती. अठराव्या शतकात मराठ्यांनी तो अरुणस्तंभ कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोरून उचलून पुरीला आणून बसवला.

'अटक ते कटक' आपण सहज म्हणून जातो. त्यातलं कटक नागपूरकर भोसल्यांचं. 1751 साली बंगालच्या अलिवर्दीखानाशी तह झाला, बारा लाख रुपये चौथाई ठरली आणि ओरिसा पहिल्या रघूजींच्या हाती आला. तिकडे 'बर्गी', म्हणजे लुटारू मराठी घोडेस्वार, म्हणून आमची आठवण फार प्रेमानं काढत नाहीत, तेही सांगून टाकतो. पण पुढची पन्नासेक वर्षं चिलिका सरोवरापासून वर सुवर्णरेखा नदीपर्यंतचा समुद्रकिनारा नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्याच्या हिशेबात होता.

त्या काळी रात्री त्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाला काही दिसायचं नाही. दिवसा दिसायची ती देवळं. युरोपियन खलाशी कोणार्कला काळा पॅगोडा म्हणत आणि जगन्नाथाला पांढरा पॅगोडा. त्या खुणा बघत बघत जहाजं कलकत्त्याकडे सरकत. सूर्यदेवाचं देऊळ बांधणाऱ्या राजा नरसिंहदेवाच्या तेराव्या शतकात हे कोणाच्या मनातही आलं नसेल.

पुढे 1803 साल आलं. इंग्रजांशी युद्ध जुंपलं. अडगावची लढाई हरलो, गाविलगड पडला आणि 17 डिसेंबरला आपल्याच वऱ्हाडात, देवगावला, दुसऱ्या रघूजींनी तहावर सही केली. कटक गेलं. नागपूरचा समुद्र एका कागदावर संपला, आणि तो कागद समुद्रापासून इतक्या लांब लिहिला गेला की बस!

इंग्रजांची नड वेगळी होती. दक्षिणेकडून येणारं जहाज ज्या टोकाला बघून हुगळीकडे वळायचं, त्याचं नाव पॉइंट पामायरास, म्हणजे ताडांचं टोक. पण त्याच्या बरंच अलीकडे, महानदीच्या मुखाजवळ, अगदी तसंच दिसणारं दुसरं टोक आहे. सपाट, डोंगर नाही, टेकाड नाही. नावाडी चकायचे, ताडांचं टोक आलं समजून वळायचे आणि गाळात रुतायचे. म्हणून त्या जागेचं नावच पडलं फॉल्स पॉइंट, खोटं टोक.

आता हा गाळ कुठला? महानदी उगम पावते छत्तीसगडात, सिहाव्याच्या डोंगरात, आणि छत्तीसगड 1854 पर्यंत नागपूरच्याच राज्यात होतं. म्हणजे गाळ आमचा, दिवा इंग्रजांचा!

सुरुवातीला त्यांनी फुकटात भागवायचं बघितलं. कोणार्कचं पडकं शिखर जहाजांच्या कामाचं आहे, ते सांभाळा, असं कंपनीच्या दर्यावर्दी खात्यानं गव्हर्नर जनरलला लिहिलं. सांभाळणं म्हणजे काय, तर तिथले दगड न्यायला बंदी घातली, एवढंच. खर्च कोण करणार? अखेर खोट्या टोकावरचा दीपस्तंभ 1838 साली उजळला. आणि कोणार्कच्या शिखराचा उरलेला तुकडा दहा वर्षांनी, 1848 मध्ये कोसळला. खुणेचं काम तोवर दुसऱ्यानं घेतलं होतं.

स्तंभ उंच का लागतो, तेही सांगतो. पृथ्वी गोल, त्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी लांबच्या पाण्याआड बुडतो. समजा दिवा छत्तीस मीटरवर आहे. छत्तीसचं वर्गमूळ सहा, त्याला साडेतीननं गुणा, एकवीस किलोमीटर आले. पाण्यालगत डोळा असलेल्या होडीतल्या माणसाला तो तेवढ्यावरून दिसेल. नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर दिवा लावला आणि मध्ये घरं-झाडं नसली, तर कामठी ओलांडल्यावरही दिसावा, तसं. जहाजाच्या डोलकाठीवर चढलेल्याला आणखी लांबून. दिवा तेलाचा, म्हणजे रात्रभर वाती कातरायच्या आणि सकाळी काचेवरची काजळी पुसायची. जो काच पुसतो त्याला दिवसभर तोच चिकट वास हाताला. आपल्याकडे कंदिलाच्या काळातली आजी असेल तर तिला विचारा, राखेनं काच पुसायची म्हणजे काय ते.

पण दिव्यानं सगळं होत नाही. 1866 साली ओरिसात भयंकर दुष्काळ पडला. अंदाजे दहा लाख माणसं गेली, म्हणजे तिथल्या दर तिघांतला एक. तांदूळ समुद्रानं येऊ शकत होता, पण सरकार जागं झालं तोवर पावसाळा लागला होता, आणि खवळलेल्या पाण्यातून पोती किनाऱ्यावर उतरवणं जमेना. खोट्या टोकाचा दिवा मात्र त्या सबंध पावसाळ्यात ठरल्या वेळी लागत राहिला असणार, हा विचार मला फार छळतो. दुसऱ्या वर्षी जवळच्या हुकीटोला बेटावर धान्याचं मोठं दगडी गोदाम बांधलं. छतावरचं पावसाचं पाणी साठवायची सोय त्यात होती. गोदाम अजून उभं आहे. बंदर मात्र गाळानं मोडलं आणि व्यापार पुढे थोड्या दक्षिणेला पारादीपला गेला.

तिथले लोक त्या जागेला बतिघर म्हणतात. बत्तीचं घर. आपल्याकडे बत्ती म्हटलं की पुढे 'गुल' हाच शब्द येतो, असो.

बतिघर आपल्या पूर्वेला इतकं लांब आहे की तिथे सूर्य आपल्याआधी सुमारे अर्धा तास मावळतो. संध्याकाळी फुटाळ्यावर ऊन असतं, भुट्टेवाल्याची शेगडी नुकती पेटलेली असते, तेव्हा तिकडे खोट्या टोकावर दिवा लागलेला असतो.

नमस्कार.