दुसऱ्यांदा जिना का चढले?

मंडळी, चित्रपट गेल्या रविवारी याच सभागृहात दाखवला होता, त्यामुळे शेवट फोडला म्हणून कुणी रागावू नये. जे आले नव्हते त्यांना १९९० पासून सवड होती.

‘द कम्फर्ट ऑफ स्ट्रेंजर्स’. इयन मॅकइवानची १९८१ची कादंबरी, हॅरॉल्ड पिंटरची पटकथा, पॉल श्रेडरचं दिग्दर्शन. कादंबरीत शहराला नाव नाही, चित्रपटात ते उघडउघड व्हेनिस आहे. कॉलिन आणि मेरी हे लग्न न केलेलं इंग्रज जोडपं तिथे आलंय. एकमेकांशी बोलण्यासारखं त्यांच्यात फारसं उरलेलं नाही. रात्री जेवायची जागा शोधता शोधता दोघं गल्ल्यांत हरवतात आणि पांढऱ्या सुटातला रॉबर्ट समोर उभा राहतो. रॉबर्टच्या भूमिकेत क्रिस्टोफर वॉकन! हा माणूस नुसता ‘या’ म्हणाला तरी आपण कुठे चाललोय ते घरी कळवून ठेवावंसं वाटतं.

चर्चेत बहुतेकांचा सूर होता, ‘काय बावळट जोडपं, पळून का नाही गेलं?’ अहो, पहिल्यांदा गेले ते समजू शकतं. दमलेले, उपाशी, परक्या गावात, त्यात भीड. पण त्या घरात रॉबर्ट कॉलिनच्या पोटात ठोसा मारतो. कॅरोलाइन, म्हणजे हेलन मिरेन, पाहुणे झोपले असताना त्यांचे कपडेच उचलून नेते आणि जेवायला थांबलात तरच मिळतील म्हणते. एवढं होऊन ते सुटतात. आणि काही दिवसांनी तोच जिना आपल्या पायांनी पुन्हा चढतात. का? आज मला एवढंच बोलायचंय. त्याआधी एक किस्सा. ज्यांनी ऐकलाय त्यांनी नव्याने हसावं, ही विनंती.

आम्ही दोघं व्हेनिसला गेलो होतो. एका पुलावर उभे राहून नकाशावरून भांडत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, “पुणे की मुंबई?” वळून पाहतो तर सोलापूरचं जोडपं. गृहस्थ हसतमुख, वहिनींच्या खांद्याला भलीमोठी पिशवी. आता ‘पुणे’ म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानेच आलं. गोंडोलाचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या होडीचं असतं. ते निम्म्यात वाटून घ्यायला त्यांना एक जोडपं हवंच होतं, आणि नाही म्हणायची आमची छाती नव्हती. होडी सुटली आणि त्यांनी मेहुण्याच्या जमिनीचा विषय काढला. ‘ब्रिज ऑफ साइज’, म्हणजे त्या सुप्रसिद्ध उसाशांच्या पुलाखालून आम्ही गेलो तेव्हा सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव कसं चढलं ते चाललं होतं. पूल पाहायचा राहिला, उसासे आम्हीच टाकले. मग सेंट मार्क चौकात वहिनींनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढली. तिथे जमिनीवर बसून खाल्लं तर दंड होतो. मी तसं सांगितलं. “खा हो, कोण बघतंय?” असं उत्तर मिळालं. चटणी अप्रतिम होती, हे मात्र नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी त्यांनी फोन पुढे केला. आमचे फोटो! ओळख होण्याच्याही आधीचे. आम्ही पुलावर भांडतोय, हिने तोंड फिरवलंय, मी एकटाच पुढे चाललोय. “तुमच्या पाठीवरच्या पिशवीवर मराठी नाव दिसलं, म्हटलं टिपून ठेवू.” मला काटा आला. बायको फोटो पुनःपुन्हा मोठा करून पाहत होती.

आणि गंमत पुढेच आहे. त्या रात्री हॉटेलात आम्ही त्यांच्या नकला करकरून हसलो. इतकं एकत्र हसून बरेच दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर बायको म्हणाली, “चौकातूनच जाऊ या का?”

आयोजकांची चिठ्ठी आली. दहाच मिनिटं उरलीत. चित्रपटाचं संगीत आणि त्यातले फॅशनवाल्या आरमानीचे कपडे, हे दोन मुद्दे मी सोडून देतो. त्यांची टिपणं घरी नेऊन काय करणार, कोण जाणे.

थोडक्यात सांगतो. पहिलं. रॉबर्टच्या घरून सुटल्यावर कॉलिन आणि मेरी काय करतात? हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतात आणि नव्याने प्रेमात पडतात. ठोसा, पळवलेले कपडे, सगळं त्यांना आठवतं, पण ती धग त्याच घरातून आलीय. पिंटर हे कुणाच्याही तोंडून वदवत नाही, नुसत्या दोन गोष्टी शेजारी ठेवतो. आपल्याकडे तेंडुलकर वाचलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरं. रॉबर्टच्या घरी पाहिलेला एक फोटो कॉलिनचाच होता, हे मेरीच्या नंतर लक्षात येतं. ती ते त्याला बोलूनही दाखवते. म्हणजे कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून होतं हे दोघांना ठाऊक आहे. तरी जातात. मी तर म्हणतो, म्हणूनच जातात! एकमेकांकडे पाहणं थांबलेल्या माणसांना आपल्याकडे इतकं निरखून पाहणारा कुणीतरी भेटलाय.

तिसरं, कॅमेरा. चित्रपट सुरू होतो तो रॉबर्टच्या घरात. दान्ते स्पिनोत्तीचा कॅमेरा त्या दालनांतून सरकतोय, रॉबर्टचा आवाज आपल्या वडिलांच्या काळ्या मिशीबद्दल सांगतोय. म्हणजे या जोडप्याच्या आधी आपणच त्या घरी पाहुणे म्हणून शिरलेलो असतो. शेवटी रॉबर्टने कॉलिनचा गळा चिरल्यावर पोलीस कारण विचारतात, तेव्हा रॉबर्ट पुन्हा त्याच मिशीपासून सुरुवात करतो. कारण शोधायचं तर त्याच्या बापात शोधू नका. तिथे पोलिसांनाही काही सापडत नाही. ते जोडप्यात शोधा.

वेळ संपली. ज्यांना पटलं नाही त्यांनी खाली चहापाशी गाठा. फक्त जोडीने येऊ नका.