पोटभर जेवलेला राखणदार

(दृश्य: पहाट. दवात भिजलेलं भात. लांब कुठेतरी डबा वाजतोय.)

आश्विन लागलाय. कुणग्यांतलं भात पिवळं पडत चाललंय आणि कापणी आठ-दहा दिवसांवर आली आहे. हेच दिवस राखणीचे. रात्री रानडुकरं, दिवसा वानरं. सिंधुदुर्गातल्या आमच्या मळ्याच्या कडेला बांबूचा माळा असायचा. त्यावर आजा बसायचा, हाताशी काठी आणि पत्र्याचा डबा. मी बरोबर यायचा हट्ट धरला की त्याचं एकच म्हणणं, "आदी पोटभर जेव, मगे राखणेक चल."

(दृश्य: चिऱ्याचा गडगा. फटीतून मुंगूस बाहेर येतं.)

माळ्यावरून हे हमखास दिसायचं. गडग्याच्या एका फटीतून निघायचं, बांधावरून धावायचं आणि नाहीसं व्हायचं. एकटंच. आपल्याकडचं करडं मुंगूस बहुतेक वेळ असं एकट्यानंच हिंडतं. याच कुळातलं एक भावंड मात्र भावकीशिवाय फार काळ तगत नाही.

(दृश्य: आफ्रिकेच्या दक्षिणेतलं कालाहारी वाळवंट. लाल वाळू, काटेरी झुडपं.)

मीरकॅट. वजन पाऊण किलोच्या आतबाहेर. टोळी कधी तीन-चार जणांची, तर कधी चाळीस-पन्नासांची. यांचं अन्न वाळूच्या पोटात: किडे, अळ्या, विंचू. खणताना डोकं खड्ड्यात जातं आणि वर आकाशात गरुड फिरत असतो. म्हणून एक जण झुडपावर चढतो, मागच्या पायांवर ताठ उभा राहतो आणि चहूकडे नजर ठेवतो. गप्प बसत नाही तो. थोड्या थोड्या वेळानं बारीक आवाज काढत राहतो. तो आवाज कानावर असेपर्यंत खालचे निर्धास्त खणतात. धोका दिसला की हाक बदलते. आकाशातल्या शत्रूची हाक वेगळी, जमिनीवरच्याची वेगळी, आणि धोका किती जवळ आलाय तेही त्याच हाकेत कळतं.

हा राखणदार बाकीच्यांसाठी जिवावर उदार होतो, असं आपल्याला सहज वाटेल. तिथल्याच कुरुमान नदीकाठच्या राखीव क्षेत्रात प्राणिशास्त्रज्ञ टिम क्लटन-ब्रॉक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून या टोळ्यांचा अभ्यास करत आले. उकडलेल्या अंड्याच्या कणांसाठी तिथले मीरकॅट स्वतःहून वजनकाट्यावर चढतात, इतकी त्यांना माणसांची सवय झाली. 1999 मध्ये या मंडळींनी मांडलं की पहाऱ्यावर चढतो तो पोट भरलेला प्राणी. ज्यांना जास्तीचं खायला घातलं, ते जास्त वेळ पहाऱ्यावर बसले. आणि धोका दिसताच बिळात आधी शिरतो तोही बहुधा तोच, कारण त्याला तो सगळ्यांच्या आधी दिसलेला असतो. हे वाचलं तेव्हा मला आजाच आठवला.

(दृश्य: विजेच्या तारेवर कोतवाल पक्षी. मग कालाहारीतला त्याचा भाऊबंद.)

आपल्या तारेवरच्या कोतवालाचा एक भाऊबंद तिथेही असतो. तो मीरकॅटची धोक्याची हाक हुबेहूब काढतो, टोळी पळते, आणि वाळूवर टाकलेला किडा हा उचलतो. आपल्या सह्याद्रीतला भृंगराजही कोतवालच, आणि नकला करण्यात तोही तरबेज.

(दृश्य: बिळाच्या तोंडाशी पिल्लं.)

पिल्लं पहिले तीनेक आठवडे बिळापाशीच असतात. टोळी चरायला गेली की एखादी मावशी, एखादा थोरला भाऊ मागे थांबतो, दिवसभर उपाशी. संध्याकाळी त्याचं वजन घटलेलं असतं.

मग सुरू होते विंचवाची शाळा. आमच्याकडे लाकडाच्या ढिगात इंगळी निघाली की आधी पोरांना मागे ओढतात. मीरकॅट उलट करतात. लहानग्याला आधी मेलेला विंचू आणून देतात. थोडं वाढलं की जिवंत, पण नांगी तोडलेला. आणखी वाढलं की नांगीसकट. पिल्लू नुसतं बघत राहिलं तर विंचू नाकानं त्याच्याकडे ढकलतात. निसटला तर पकडून पुन्हा समोर ठेवतात. अॅलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकऑलिफ या संशोधकांनी 2006 मध्ये हे जगापुढे मांडलं. पिल्लाचं वय थोरले ओळखतात ते त्याच्या मागण्याच्या आवाजावरून. लहान पिल्लं असलेल्या टोळीला मोठ्या पिल्लांचे आवाज ऐकवले, तर थोरले जिवंत शिकार जास्त आणू लागले. जनावर शिकवतं, पायरीपायरीनं शिकवतं! मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

पण ही भावकी गोड नाही. टोळीतली बहुतेक पिल्लं एकाच माजघरातली, थोरल्या मादीची. तिची स्वतःची विण्याची वेळ आली की ती धाकट्या माद्यांना, गाभण असल्या तरी, टोळीबाहेर हाकलते. कुणी पिल्लं घातलीच तर ती मारतेही. हाकललेल्यांपैकी काही पुढे परत येतात आणि तिचीच पिल्लं सांभाळतात.

(दृश्य: पुन्हा मळा. संध्याकाळ.)

आमच्या माळ्याचे आता दोनच बांबू उभे आहेत. आजा गेला, काका मुंबईला, आम्ही भावंडं पुण्याला. घरी आजी आणि काकी, दोघीच. गेल्या वर्षी खालचे तीन कुणगे पड टाकले. वरचे दोन केलेत, आणि काकी सकाळी भाकरी खाऊन डबा घेऊन बांधावर बसते. दुपारी ती जेवायला घरी गेली की वानरं उतरतात.

(दृश्य: गडग्यावर मुंगूस. थांबतं, मागच्या पायांवर उभं राहून पाहतं, फटीत शिरतं.)