पावसातली ९१७

१२ एप्रिल १९७०. इंग्लंडच्या केंट परगण्यातलं ब्रँड्स हॅच. आभाळ भरलेलं, गारठा, आणि पाऊस धरून बसलेला. सव्वाचार किलोमीटरच्या आसपास लांबीच्या या ट्रॅकवर आज मोटारींच्या शर्यतीत २३५ फेऱ्या मारायच्या आहेत. म्हणजे हजार किलोमीटर.

(दृश्य: पावसात सुरुवातीच्या रेषेकडे येणाऱ्या गाड्या)

त्या निळ्या-केशरी गाडीकडे बघा. पोर्शे ९१७. साडेचार लिटरचं, बारा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन. ताकद सुमारे ५८० हॉर्सपॉवर, वजन ८०० किलोच्या घरात. आपल्या रस्त्यावरची आल्टो के-टेन साधारण एवढ्याच वजनाची असते, आणि तिची ताकद साठ-पासष्ट हॉर्सपॉवर. इथे त्याच्या जवळजवळ नऊपट ताकद, आणि ती सगळी फक्त मागच्या दोन चाकांवर. ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, चाकं जागच्या जागी फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही. ड्रायव्हर इतका पुढे बसतो की त्याचे पाय पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे जातात.

आदल्या वर्षी ही गाडी चालवायला पोर्शेचे स्वतःचे ड्रायव्हरही नाखूश होते. वेग वाढला की मागची बाजू हलकी व्हायची, सरळ रस्त्यावरही गाडी भरकटायची. ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्ट्रियात चाचणी सुरू असताना जॉन हॉर्समन या इंजिनिअरच्या एक गोष्ट लक्षात आली. गाडीच्या पुढच्या भागावर चिलटं चिकटून मेलेली, पण शेपटाकडचा भाग स्वच्छ. म्हणजे वाहती हवा तिथे पोहोचतच नव्हती, मग ती गाडीला खाली दाबणार कशी? अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपूट वर उचललं, आणि गाडी ताळ्यावर आली. ब्रँड्स हॅचला आली ती ही सुधारलेली ९१७.

गाडी चालवतोय मेक्सिकोचा पेद्रो रोद्रिगेझ. वय ३०. जोडीला फिनलंडचा लेओ किनुनेन.

पहिल्याच फेरीत एक गाडी घसरून आदळते. पिवळे झेंडे लागतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. रोद्रिगेझ टाकतो. ही चूकच होती, नंतर त्याने काय करून दाखवलं म्हणून ती माफ होत नाही. काळा झेंडा दाखवून त्याला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, बोलावलं जातं. शर्यतीचे प्रमुख अधिकारी निक सिरेट दार उघडून त्याला चांगलं फैलावर घेतात. तो मुकाट ऐकून घेतो, दार लागतं, आणि गाडी पुन्हा पावसात जाते. मधल्या वेळात बाकीचे कितीतरी पुढे निघून गेलेले असतात.

(दृश्य: ड्रुइड्सचं वळण, ओला रस्ता, मागच्या चाकांचा क्लोजअप)

आता याच ट्रॅकवरचं ड्रुइड्सचं वळण. चढावरचं, उजवीकडे वळणारं, अगदी अरुंद. खरा कस लागतो तो वळणातून बाहेर पडताना. मागच्या टायरना इथे दोन कामं एकदम करायची असतात: गाडीला पुढे ढकलायचं आणि तिला बाजूला घसरू द्यायचं नाही. टायरची पकड मर्यादित असते आणि ती या दोन कामांत वाटली जाते. पावसात मुळातच ती कमी. अॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबला गेला, की ढकलण्यातच सगळी पकड संपते आणि शेपूट बाहेर जातं. घाबरून पाय झटकन उचलला, तर आणखी वाईट. गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते.

मग करायचं काय? पाय पूर्ण काढायचा नाही, केसभर सैल करायचा. शेपूट ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टिअरिंग द्यायचं, आणि गाडी सावरायला लागताच ते तितक्याच लगेच सरळ करायचं. उशीर झाला तर गाडी उलट्या बाजूला फेकली जाते. वरचा गिअर ठेवला तर चाकांवर येणारा जोर थोडा बोथट होतो. एरवी जिथून सगळे जातात, त्या पट्ट्यात रबर घासून रस्ता गुळगुळीत झालेला असतो. त्यावर पाणी पडलं की तो तेलकट लागतो. आपल्या घाटात जूनच्या पहिल्या सरीला गाड्या घसरतात, त्यामागेही साचलेलं रबर, तेल आणि धूळच असते. म्हणून पावसातला जाणकार ड्रायव्हर वळणाच्या बाहेरच्या बाजूने, खरखरीत डांबरावरून जातो. लांबून जातो, पण आधी बाहेर पडतो.

आणि जिथे पाणी साचलंय, तिथे वेगळाच प्रश्न. ठराविक वेगाच्या वर टायरला पाणी बाजूला सारता येत नाही, तो पाण्यावर तरंगतो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल तर नासाच्या सूत्रानुसार तो वेग येतो ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास. झिजलेल्या टायरला त्याहूनही कमी. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं, पाय हळूच सैल करायचा आणि टायर पुन्हा टेकायची वाट बघायची.

रोद्रिगेझच्या त्या दिवसाच्या फोटोंत गाडी तिरकी दिसते. लोक म्हणतात, काय धाडस! मला त्यात धाडसापेक्षा त्याचा उजवा पाय दिसतो. नुसत्या धाडसाने गाडी एकदा तिरकी होते. फेरीमागून फेरी तीच गाडी त्याच बेताने तिरकी ठेवायला फार नाजूक हात आणि पाय लागतात. पहिल्या तासाभरातच तो आघाडीवर पोहोचतो, आणि जवळपास सात तासांच्या या शर्यतीत बहुतांश वेळ स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं.

तो जिंकला पाच फेऱ्यांनी. म्हणजे वीस किलोमीटरहून जास्त अंतराने. दुसरी आलेली गाडीही ९१७च होती, आणि त्यात होते १९६८ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला विक एल्फर्ड आणि १९६७ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता डेनी हल्म. गाडी तीच, पाऊस तोच.

तिसरे आले हान्स हेरमान आणि रिचर्ड अॅटवूड, तेही ९१७ मध्येच. दोन महिन्यांनी ल माँला, फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत, पुन्हा पाऊस झाला. तिथे रोद्रिगेझची गाडी यांत्रिक बिघाडाने लवकरच बाद झाली, आणि त्याच्याच संघातल्या माइक हेलवूडची पावसात धडकली. ५१ गाड्या सुटल्या होत्या, शेवटी क्रमांक मिळाला फक्त ७ गाड्यांना. हेरमान आणि अॅटवूड २४ तास न घसरता, न घाई करता चालवत राहिले, आणि पोर्शेला ल माँचं सगळ्या गटांत मिळून पहिलं विजेतेपद त्या दोघांनी मिळवून दिलं.