घोट्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन: भोक छोटं, पण हाडाला घाई नसते

नमस्कार मंडळी! मोजा काढा. पाऊल आत वळवा आणि करंगळीशेजारचं बोट हाताने खाली दाबून धरा. घोट्याच्या पुढे, जरा बाहेरच्या अंगाला, कातडीखाली बारीक दोरी ताणल्यासारखी दिसते? (सगळ्यांना दिसेलच असं नाही.) ही रक्ताची नव्हे, तर संवेदनेची नस (मज्जातंतू); पावलाच्या वरच्या कातडीचा स्पर्श ती मेंदूला कळवते. घोट्यात दुर्बीण घालताना बाहेरच्या बाजूचं भोक हिच्या शेजारीच पाडतात, म्हणून सर्जन आधी हिच्यावर पेनाने खूण करतात. भोक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं, पण हिला धक्का लागला तर पाऊल वरून बधिर होऊ शकतं.

याच घोट्याला १९३१ साली न्यूयॉर्कच्या डॉ. बर्मन यांनी नापास केलं होतं: सांधा फार अरुंद, दुर्बीण जाणारच नाही. १९७२मध्ये जपानच्या डॉ. वातानाबे यांनी २८ घोट्यांचा अनुभव मांडला. आज दुर्बीण २.७ मिलिमीटरचीही मिळते. पाय हलका ताणून, सांध्यात सलाईन भरून जागा करतात आणि कूर्चेचा सुटलेला तुकडा किंवा पुढे वाढलेलं हाड काढतात.

मी पंचवटीत फिजिओथेरपिस्ट आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी झाली, की मंगळवारी माझ्याकडे मुरगळलेल्या घोट्यांची रांग! "ताई, दुर्बिणीने लगेच मोकळं होईल का?" अहो, यातल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. पट्टा बांधायचा, व्यायाम करायचा, एका पायावर तोल सांभाळायला शिकायचं. टाचदुखीचंही बहुतांशी तसंच.

अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड मात्र व्यायामाने आत जात नाही. चप्पल बदलूनही दुखत राहिलं, तर तेही आता बारीक भोकांतून करतात. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या फिरत्या बरने (हाड कापणाऱ्या बारीक ड्रिलने), एक्स-रेच्या पडद्यावर बघत हाड कापायचं, सरळ बसवायचं, स्क्रू लावायचे. हाड तापून जळू नये म्हणून वरून पाणी सोडतात आणि हाडाचा चुरा पेस्टसारखा बाहेर येतो.

मखमलाबादच्या एक आजी असं ऑपरेशन करून तिसऱ्या आठवड्यात थेट द्राक्षबागेत. पाय टम्म!

"अगं, जखम तर भरली होती."

"कातडी भरली, आजी. हाड कुठे भरलंय?"

हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, मग चिरा मोठा असो की भोक. तोवर डॉक्टरांनी दिलेली कडक तळाची चप्पल, तीही घरातल्या घरात चालताना. सूज तर काही महिने राहू शकते.

मोजा घालायच्या आधी अजून एक. पावलाच्या वर, मधोमध, दोन बोटं हलकेच ठेवा. नाडी लागली? चाचपडून बघा, काहींना पटकन सापडत नाही. साखर असेल किंवा तंबाखू-मिस्री चालू असेल आणि नाडी लागत नसेल, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पायाचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी तपासणी) करून घ्या.