नुसतं बसायचं नाही

(रविवार, सकाळचे साडेआठ. चर्चचं फाटक उघडतं. आवारात एक मुलगी सतरंज्या झटकते आहे.)

शनिवारी रात्री साडेनऊला मी फोन घेऊन बसायचे. वर्षानुवर्षं. पहिला फोन उचलला जायचा नाही, दुसऱ्या घरी पाहुणे आलेले असायचे, तिसऱ्या घरातून नाइलाजाने होकार यायचा. "काकू, उद्या संडे स्कूलमध्ये छोट्यांचा वर्ग घ्याल का? काही करायचं नाहीये, नुसतं बसायचंय." हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आज आठवलं तरी वाईट वाटतं. ज्या कामासाठी माणूस मागत होते, त्याची किंमत मीच त्या एका वाक्यात घालवत होते.

इंदूरची ही आमची लहानशी मराठी मंडळी, म्हणजे एका चर्चची माणसं. कोणाचे आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीत आले, कोणाची आजी नर्स होती, कोणी महूच्या छावणीत होते ते इथलेच झाले. या शहरात ख्रिस्ती कामाची मुळं जुनी. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनची माणसं १८७७ मध्ये इथे आली, आणि दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, क्रिश्चियन कॉलेज सुरू झालं. कॉलेजची इमारत सगळ्यांना माहीत आहे. रविवारी सतरंजीवर बसून पाच-सहा मुलांना बायबलमधल्या दाविदाची गोष्ट सांगणारी बाई मात्र कुठल्या दगडावर कोरलेली नाही. तरी आमच्यातल्या कितीतरी जणांनी पहिली प्रार्थना तिच्या मागून म्हटली आहे.

हे चित्रण तिच्याबद्दल आहे. आणि तिला शोधायचं, शिकवायचं, सांभाळायचं काम ज्याच्याकडे असतं, त्याच्याबद्दल.

(फाटक. पलीकडे रहदारीचा रस्ता. पोह्यांची गाडी.)

एक रविवार सांगायलाच हवा. उपासना संपली होती, मोठी माणसं बाहेर येऊन एकमेकांना भेटत होती. वर्गात मी एकटी आणि बावीस मुलं. एकीची चप्पल सापडेना, म्हणून मी बाकाखाली वाकले. तेवढ्यात चार वर्षांचा एक मुलगा फाटकाबाहेर गेला. सात-आठ मिनिटांनी सापडला तो रस्त्याच्या त्या बाजूला, पोह्यांच्या गाडीपाशी. पातेल्यातून निघणारी वाफ बघत उभा होता. हातात वर्गात रंगवलेलं कागदाचं मेंढरू. मधल्या रस्त्यावरून सिटी बस जात होत्या. आईने त्याला उचलून घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक शब्दही बोलली नाही.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे, गेले, जबाबदारी सोडायची म्हणून. त्यांनी माझी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढून दिला. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसला आहे, लोक भोवती ताटकळत उभे आहेत. त्याचा सासरा इथ्रो हे पाहतो आणि त्याला सांगतो, तू करतोस हे ठीक नाही. तू थकशीलच, ही माणसंही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगतो. नायक कसे हवेत, तेही सांगतो: देवाचं भय बाळगणारे, विश्वासू, लाचेचा तिटकारा असलेले.

कोण रिकामं आहे, असा शोध इथ्रोने घ्यायला सांगितलेला नाही. मी मात्र शनिवारी रात्री तोच शोध घेत होते.

(जुने फोटो. नाताळचा कार्यक्रम, पुठ्ठ्याचे पंख लावलेली मुलं.)

संडे स्कूलची सुरुवात सांगतात ती इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरची. १७८० साल. रॉबर्ट रेक्स हा तिथला वृत्तपत्र चालवणारा माणूस. आठवडाभर कामाला जुंपलेली मुलं रविवारी रस्त्यावर भटकताना पाहून त्याने त्यांना वाचायला शिकवायचं ठरवलं. त्यासाठी काही बायका ठरवल्या, आणि प्रत्येकीला रविवारचा एक शिलिंग दिला. म्हणजे पहिल्या शिक्षिकांना मोबदला होता. पुढे हे काम सेवा म्हणून होऊ लागलं. भारतातही १८७६ मध्ये इंडिया संडे स्कूल युनियन उभी राहिली, आणि गावोगावच्या मंडळ्यांत बिनपगारी शिक्षकांनी हे काम ओढलं.

पैसे नसले तरी चालतं, असा माझा अनुभव आहे. पण पगार नाही म्हणून बोली नाही, मुदत नाही, विचारपूस नाही, असं झालं की माणूस टिकत नाही. बिनपगारी कामाची बोली तर जास्तच स्वच्छ हवी.

आता आम्ही फोन करत नाही. मे महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, त्या माणसाच्या घरी जातो. सोबत एक कागद असतो. कोणता वर्ग, महिन्यातले कोणते दोन रविवार, घरी किती तयारी लागेल, अचानक जमलं नाही तर कोणाला कळवायचं, आणि ही जबाबदारी कोणत्या महिन्यात संपेल. खाली त्या वर्गातल्या मुलांची नावं. माणूस वरचं सगळं भराभर वाचतो आणि नावांपाशी थांबतो. "अरे, हा त्या कोपऱ्यावरच्या घरातला ना?" इथून पुढे बोलणं वेगळं होतं.

मुदत लिहिलेली असते, याचा फार उपयोग होतो. पूर्वी एकदा हो म्हटलेली बाई म्हातारी होईपर्यंत सुटायची नाही, म्हणून नवीन कोणी हो म्हणायलाच धजत नसे.

आकडेमोडही करावी लागते. समजा चाळीस मुलं आहेत आणि चार वर्ग. प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं म्हणजे आठ. प्रत्येकाने महिन्यातून दोनच रविवार द्यायचे तर सोळा. फाटकावर दोघं, अडीअडचणीला दोघं. वीस झाले. हा हिशेब मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीसमोर मांडला तेव्हा आधी कोणीच काही बोललं नाही. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की हे एका बाईचं काम आहे.

दोनच रविवार का, ते सांगते. मुलं उपदेशाच्या आधी वर्गाला जातात, आणि शिक्षिकाही त्यांच्याबरोबर जाते. वर्षभर दर रविवारी शिकवणारीने वर्षभर उपदेश ऐकलेला नसतो. मंडळीबरोबर बसून गीत गायलेलं नसतं. मग ती मुलांना देणार कुठून?

(वर्गाचं दार. दाराला काचेची खिडकी.)

आणि दोन माणसं का, हे आडपडदा न ठेवता बोललं पाहिजे. कोणतंही मोठं माणूस बंद खोलीत मुलाबरोबर एकटं राहणार नाही. मग ते पाळक असोत, पंच असोत, मी असेन. नवीन आलेल्या माणसाला, तो कितीही गोड गाणारा असला तरी, पहिले सहा महिने मुलांची जबाबदारी मिळत नाही. तो आधी मंडळीत येतो, बसतो, आपण त्याला ओळखतो, तो पूर्वी जिथे होता तिथे विचारतो. "आपल्याच लोकांवर संशय कशाला?" हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला. दुखावून विचारला. पण ज्याच्या मनात काही नाही, त्याचंही या नियमाने रक्षण होतं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं हे त्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा. मंडळीची अब्रू जाईल म्हणून घरातल्या घरात मिटवायची मुभा कोणालाच नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आम्ही प्रत्येक वर्गात मुलांच्या उंचीला लावला आहे.

(सतरंजी. एक शिक्षिका, सात मुलं.)

आता थोडा वेळ वर्गात बसू या. आज तेविसावं स्तोत्र आहे. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." इंदूरची ही मुलं घरी आजीशी मराठी, मित्रांशी हिंदी, शाळेत इंग्रजी बोलतात. एक जण विचारतो, "ताई, उणे म्हणजे ऊन?" बाकीची हसत नाहीत, कारण त्यांनाही माहीत नाही. ताई नवीन आहे. क्षणभर अडखळते. मग स्वतःचा डबा उघडते. आत चार लाडू. सातही मुलांना अर्धा अर्धा देते आणि उरलेला अर्धा त्या मुलासमोर धरते. "पुरले की नाही? कोणाला कमी पडलं? कमी पडणं म्हणजे उणं पडणं. तो मेंढपाळ कमी पडू देत नाही."

हे तिला कोणत्या पुस्तकात सापडलं नाही. पण वर्गात हे स्तोत्र घ्यायचं आहे, हे तिला दहा दिवस आधी माहीत होतं. दोन महिने ती दुसऱ्या शिक्षिकेशेजारी बसली होती. शेजारी जोडीदार होता, म्हणून तिचं लक्ष दाराकडे नव्हतं, त्या मुलाकडे होतं. शनिवारी रात्री फोनवर गळ घालून आणलेल्या बाईला असा लाडू सुचायला सवडच मिळत नाही.

माझं आजचं काम बघायला तसं फारसं काही नाही. मी आता क्वचितच वर्ग घेते. मंगळवारी एका शिक्षकाला फोन करते, काही मागायला नाही, रविवार कसा गेला ते विचारायला. एकाच्या आईचं ऑपरेशन आहे, त्याला दोन महिने मोकळं करायचं आहे. गोष्ट सांगता येत नाही म्हणणारे एक निवृत्त काका हजेरीवही इतकी नेटकी ठेवतात की सलग दोन रविवार न आलेलं मूल लगेच कळतं, आणि मग त्या घरी कोणीतरी जाऊन येतं. बायबलमध्ये आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना प्रेषित पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. घर हीच पहिली शाळा आहे, आम्ही आठवड्यातला एक तास हातभार लावतो. म्हणून घरी जाणं महत्त्वाचं.

(उपासना सुटते. फाटकापाशी टेबल, त्यावर पत्र्याचा डबा. डब्यात क्रमांकाचे बिल्ले.)

मूल सोडायला आलेल्याला एक बिल्ला मिळतो, त्याचा जोडीचा बिल्ला मुलाच्या शर्टाला लागतो. बिल्ला दाखवल्याशिवाय मूल हातात मिळत नाही.

आज टेबलावर मंडळीतल्याच एक काकू आहेत, आणि त्यांच्या मदतीला अकरावीतली एक मुलगी. समोर मंडळीचे एक ज्येष्ठ पंच उभे आहेत, नातीला न्यायला आले आहेत. बिल्ला सुनेकडे राहिला आहे. नात टेबलामागून "आजोबा, आजोबा" करते आहे. मुलगी उठून उभी राहते, हात जोडते. "काका, बिल्ला लागेल."

ते तिच्याकडे पाहतात. मग वळतात, आवार ओलांडून, गर्दीतून, सुनेला शोधायला जातात.